विरजणाची वाटी

"…तर ते बाबा म्हणे भल्याभल्यांना दारोदार मागायला लावतात, आणि माणसाजवळ जे काही असेल ना, ते सगळं…"

एवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि पुढचं वाक्य घरघरीत बुडालं.

बोलत होती सुमनबाई. मागे ज्वारीचा डबा धरून तिच्या शेजारच्या जगधने सिस्टर उभ्या होत्या. "सगळं काय?" त्यांनी मोठ्याने विचारलं. सुमनबाईने पिठाचा हात हलवला, ओठ हलवले, पण ऐकू काही आलं नाही.

सिस्टरांनी वाक्य मनातच पुरं केलं. काढून घेतात. दुसरं काय असणार.

मग त्यांच्या मनात आलं, घेईनात का. आपल्याजवळचं तर कोणी फुकटही घेत नाही.

त्याच दिवशी चार वाजता त्या केवळनाथबाबांची टेकडी चढल्या. घरी बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. सकाळच्या गाडीने नाशिकला मुलाकडे जायचं, ते कायमचंच.

बाबा मठीच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ताक वाटत होते. सिस्टरांनाही एक पेला मिळाला. बाबांनी भांडं उपडं केलं, विसळलं, ते पाणी तुळशीत ओतलं.

"बोला माई."

"बाबा, तालुक्याच्या दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात माझा जन्म गेला. या गावातली निम्मी माणसं माझ्या हातावर जन्माला आली. रिटायर झाले, म्हटलं शिकलेलं वाटून टाकावं. दर रविवारी समाजमंदिरात वर्ग लावला. तक्ते आणले, पदरमोड करून बाहुली आणली…"

"मग?"

"एकटी सुमनबाई येते. ती पण कोणकोण आलं नाही ते बघायला."

बाबा हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

"मी द्यायला बसले आहे. घ्यायलाच कोणी येत नाही. मी सांगते ते यांना नको का?"

बाबांनी चुलीवरचं दूध उतरवलं. बोट बुडवून पाहिलं. मग फडताळातून एक पितळी वाटी काढली आणि सिस्टरांच्या पुढे धरली.

"खालच्या वाडीतून एवढं विरजण आणा."

"विरजण? आत्ता तर एवढं ताक वाटलंत."

"संपलं."

"चमचाभर दही बाजूला काढून ठेवलं असतं, तर रोज मागावं लागलं नसतं."

"खरं आहे."

बाबांनी दुधावर झाकण ठेवलं.

"पण मग खाली कशाला गेलो असतो?"

सिस्टर वाटीकडे बघत राहिल्या. एवढ्या नोकरीत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. डॉक्टरांनासुद्धा त्या 'द्या' म्हणत नसत, नुसता हात पुढे करत.

"कुणाच्या घरून आणू?"

"उघडं दार दिसेल तिथून. पण माई, सांगायचं काही नाही. नुसतं मागायचं."

टेकडी उतरताना बोलायला कोणी नव्हतं. चढताना मनात बाबांना सांगायचं सगळं भाषण चालू होतं, आता तेही संपलेलं. म्हणून असेल, अर्ध्या वाटेवर आवाज कानावर आला. तान्हं रडत होतं. रडून रडून आवाज बसलेला. सिस्टरांचे पाय आपोआप भरभर पडू लागले.

पहिलंच घर. दार उघडं.

"अगं बाई, सिस्टर?" म्हातारी हौसाबाई पदर सावरत उठली. "आमच्या दारात?"

सिस्टरांनी वाटी पुढे केली. वॉर्डातल्या बायकांना दरडावणारा तो आवाज आज खाली आला.

"थोडं… विरजण द्याल?"

हौसाबाई वाटीकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"देते की. त्यात काय… सिस्टर, एक विचारू का? रागवाल?"

"विचारा."

"वर्गाला यायचं होतं हो. पण तुमच्यापुढे तोंड उघडायची छाती होत नाही. मागे दवाखान्यात सगळ्यांदेखत तुम्ही म्हणाला होतात, एवढंही कळत नाही का म्हणून. आज तुम्हीच मागायला आलात, म्हणून जीभ उचलली." तिने आतल्या खोलीकडे मान केली. "सून बाळंत झालीय. पोर अंगावर घेतच नाही. ती रडते, तेही रडतं. काल सकाळपासून मी चमच्याने साखरपाणी घालतेय. काय करू?"

सिस्टरांच्या तोंडात अख्खा रविवारचा वर्ग येऊन उभा राहिला. साखरपाणी कुणी घालायला सांगितलं, इथपासून.

सांगायचं काही नाही.

त्यांनी ओठ मिटले. वाटी कोनाड्यात ठेवली. हात धुतले.

आत खाटेवर पोरसवदा सून भिंतीकडे तोंड करून बसली होती. छाती दाटून दगड झालेली. सिस्टर तिच्याशेजारी टेकल्या. कोमट पाण्यात फडकं पिळून शेक दिला. पाठीमागे उशी लावली. तिचाच हात धरून दाटलेलं थोडं दूध काढवलं, तसा तिच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. मग बाळ तिच्या पोटाशी पोट लावून धरलं.

बाळ ओरडलं. सुनेने घाबरून सिस्टरांकडे पाहिलं.

सिस्टरांनी नुसती मान हलवली. थांब.

बाळाचं नाक हुंगू लागलं. सिस्टर थांबल्या. तोंड किलकिलं झालं. अजून थांबल्या. मग त्याने मोठा आ केला, आणि सिस्टरांच्या तळव्याने त्याची पाठ अलगद आईकडे नेली.

रडं बंद झालं.

त्या शांततेत एक बारीकसा आवाज येऊ लागला. घुटका. मग थोडं थांबून दुसरा.

दारातली हौसाबाई खाली बसली आणि तिने हात जोडले. ते बाळाला की देवाला, तिचं तिला ठाऊक. सून हुंदके देत हसत होती.

आणि सिस्टर ऐकत होत्या. जन्मभर बाळं आयांच्या अंगाला लावली, पण लावली की पुढच्या खाटेवरून हाक यायची. हा आवाज बसून ऐकायला कधी मिळालाच नव्हता. जे आपलं आपलं म्हणून वाटायला निघालो होतो, ते एवढं मोठं आहे हे त्यांनाही आजच कळत होतं.

बाळ झोपलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. हौसाबाईने देवापाशी दिवा लावला आणि कोनाड्यातली वाटी पाहून जीभ चावली.

"अगं बाई. दिवा लागला की हो. दिवेलागणीनंतर आमच्यात विरजण देत नाहीत." तिने ओशाळून वाटी परत केली. "उद्या याल? आणि पलीकडच्या लक्ष्मीची पोर पण अवघडलेली आहे. ती विचारत होती…"

खाटेवरून सून म्हणाली, "या ना, सिस्टर."

टेकडी चढताना सिस्टरांना गिरणीतली बातमी आठवली. मागायला लावलं, ते खरं. काढून घेतलं म्हणावं, तर वाटी आहे तशी रिकामी होती, आणि आपण मात्र भरून वर चाललो होतो.

बाबा ओट्यावरच होते. झाकलेलं दूध गार झालं होतं.

"विरजण मिळालं नाही, बाबा."

"का?"

"दिवा लागला. उद्या या म्हणाले."

"कोण?"

"…सगळीच."

"हं."

"पण उद्या सकाळी माझी नाशिकची गाडी आहे." सिस्टरांनी वाटी पुढे केली. "ही घ्या."

बाबांनी हात पुढे केला नाही. दुधाचं भांडं तोंडाला लावलं, गटागटा पिऊन टाकलं आणि मिशा पुसल्या.

"राहू द्या माई. वाटी तुमच्याकडेच राहू द्या."