केतकीचा तोबरा

निरगुडे महाराज तळकुशाला आले, त्या साली उन्हाळा फार कडक होता. ओढ्याकाठच्या निरगुडीच्या बनात त्यांनी आसन मांडले, म्हणून लोकांनी त्यांना ते नाव दिले. "महाराज, इथे काय करता?" असे कोणी विचारले तर म्हणत, "बसलोय." एवढेच. पण भक्तहो, संतांचे बसणेही रिकामे नसते!

त्याच गावात इनामदार शिदोजीरावांच्या पागेत हैबती नावाचा मोतद्दार होता. घोड्यांची निगा राखण्यात त्याचा जन्म गेला. त्याची लाडकी केतकी घोडी नुकतीच व्याली होती. काळे शिंगरू, कपाळावर पांढरा टिळा. ओली बाळंतीण म्हणून हैबती भिजवलेले हरभरे, गूळ आणि अळशी तोबऱ्यात भरून तिच्या तोंडाला बांधी, आणि ती खाईपर्यंत तिच्याशी बोलत उभा राही.

नवव्या दिवशी शिदोजीरावांना शेजारगावच्या जत्रेत मिरवायची हुक्की आली. हैबती आडवा झाला. "सरकार, बाळंतीण हाय ती. आजून अंग सावरलं न्हाई."

"मग काय डिंकाचे लाडू वळू तिच्यासाठी?" असे म्हणून सरकारांनी टाच मारली.

चार कोस दौडून परत आले तेव्हा घोडी घामाने निथळत होती. घामेजलेल्या घोड्याला आधी फिरवावे, अंग निवले की मगच पाणी दाखवावे, हा पागेचा पहिला धडा. हैबती दोर घेऊन धावला. पण वाहवा ऐकून फुगलेल्या सरकारांना कोण शिकवणार? त्यांनी स्वतःच बादली तिच्यापुढे धरली. केतकी घटाघटा प्यायली, पोटशुळाने लोळू लागली आणि दिवस मावळायच्या आत गेली.

शिंगरू गाईच्या दुधाला तोंड लावीना, शेळीच्याही लावीना. दोन दिवसांत त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. हैबती तसाच निघाला. त्याने बन गाठले.

महाराजांनी विचारले, "केतकीचा चंदीचा तोबरा बंद केलास का रे?"

"खाणारीच गेली, महाराज. कुणाला घालू?"

"तू आईला घाल. आई लेकराचं बघेल. सूर्य डोक्यावर आला की तोबरा धर, आणि तिचं होईपर्यंत हात खाली घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी हैबती केतकीच्या रिकाम्या ठाणापुढे, ती बांधली जाई त्या जागी, तोबरा उंच धरून उभा राहिला. पागेतली माणसे तोंडाला उपरणे लावून हसली आणि जेवायला गेली. मग तोबरा हलला. आतून हरभरे फुटल्याचा आवाज येऊ लागला. हैबतीचा हात खाली आला नाही. तोबरा हलका होत गेला. आणि शिंगराने मोकळ्या हवेत मान वर केली, चुटुचुटु चोखू लागले. त्याच्या ओठांवर दुधाचा फेस होता!

ही वार्ता ऐकून शिदोजीराव खदखदून हसले. "हरभरे खातोस तू आणि नाव मेलेल्या घोडीचे? उद्या तोबरा मी धरतो. काही घडले नाही तर शिंगरू रानात सोडीन, आणि तुझ्या त्या निरगुड्याला वेशीबाहेर काढीन."

शिंगरू रानात म्हणजे लांडग्यांच्या तोंडी. हैबती रात्रभर शिंगरापाशी बसून राहिला.

सूर्य डोक्यावर आला. पान हलेना, कावळा ओरडेना. सरकारांनी तोबरा धरला. काहीच झाले नाही.

"कुठे आहे रे तुझी—"

तोबरा खाली ओढला गेला. मनगटावर ऊन ऊन श्वास आला. मग एक लांब, जड मान त्यांच्या खांद्यावर टेकली. दिसत काहीच नव्हते. पण कोरा अंगरखा त्या बाजूने भिजत चालला आणि थेंब टपटप जमिनीवर पडू लागले.

"हैबती," सरकार पुटपुटले, "ही घामेजलेली आहे रे."

"व्हय सरकार. तवापासनं तशीच हाय. तिला फिरवलंच न्हाई कुणी."

शिदोजीराव पळणार, तोच दारातून शब्द आले, "पळू नकोस. दोर घे." बनातून कधी न उठणारे महाराज दारात उभे होते! महाराज म्हणाले, "निवेपर्यंत फिरव तिला."

आणि तळकुशाने ते पाहिले. भर उन्हात, अनवाणी, इनामदार गावातून चालले होते. हातात दोर, दोर ताणलेला, दुसऱ्या टोकाला कोणी नाही. बायांनी दारे लावून घेतली. धुळीत त्यांच्या पावलांशेजारी टापा उमटत होत्या, आणि मागून शिंगराच्या लहान टापा. तीन फेऱ्या झाल्या. तळपायाला फोड आले. हळूहळू खांद्यावरची ओल कमी झाली, श्वास संथ झाला, आणि दोर आपोआप बनाकडे वळला.

महाराज आपल्या जागी बसलेले होते. पायांना धुळीचा कण नव्हता. समोर दगडी डोणी पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

"आता पाज," महाराज म्हणाले.

डोणीतले पाणी सावकाश खाली गेले, तळाला लागले. दोर सैल होऊन मातीत पडला. शिंगरू एकदा आर्त ओरडले, मग मागोमाग आलेल्या हैबतीपाशी स्वतःहून गेले आणि त्याने पुढे केलेल्या वाटीतले शेळीचे दूध पिऊ लागले. हैबती ढसाढसा रडला.

शिदोजीरावांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांनी त्यांचे खांदे धरून हलकेच शिंगराकडे वळवले. ज्या मस्तकाने कधी कोणापुढे लवणे जाणले नाही, ते त्या चार इवल्या खुरांपुढे टेकले. अंगरखा तोवर वाळला होता. खांद्यावर तेवढा मिठाचा पांढरा पट्टा राहिला होता, आणि किती धुतला तरी तो कधी गेला नाही.