हिरव्या बोर्डाचा मासा

संगणक अजून पोरसवदा होते, त्या काळची गोष्ट. एका टेबलावर संगणकाच्या आतला एक हिरवा बोर्ड पडून असायचा आणि दिवसभर चित्रांची स्वप्नं पाहायचा. त्यातला एक निळा मासा त्याचा फार लाडका. बोर्डाच्या अंगावरच्या तांब्याच्या वाटा उघड्याच होत्या. कुणीही बघावं, शिकावं, हीच त्याची हौस. पण मासा पडद्यापर्यंत न्यायला पडद्याची वायर खोचायचं सॉकेट हवं होतं, आणि काठावर जागा उरली होती एकाचीच.

चकचकीत सॉकेट म्हणालं, "मला घे. तुझा मासा पाण्यासकट दिसेल. फक्त माझ्याकडे येणाऱ्या वाटा तेवढ्या झाकून टाक. मला बनवणाऱ्यांनी तशी शपथच घातलीय, बाबा."

जुनं जाडं सॉकेट चाचरत म्हणालं, "माझ्यातून रंग जरा फिके होतील. पण झाकायचं काही नाही."

बोर्डाचा सगळा जीव त्या माशात. त्याने एकदा आपल्या उघड्या वाटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाड्या, ये."

पडद्यावर मासा उतरला, फिकट, थोडा थरथरता. शेजारी एक कोरा बोर्ड पडला होता. हिरव्याच्या उघड्या वाटा न्याहाळत, तशाच आपल्या अंगावर गिरवत तो हळूच पुटपुटला, "अरे, माझ्यातही काहीतरी पोहतंय."