साळूचा पाचवा वाटा

कोनवडीच्या माळावर बाभळीसुद्धा उगवल्या नव्हत्या, इतक्या जुन्या काळची गोष्ट. तिथं गावकीचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची खोल कोठी. सुगीला घराघरातला जोंधळा त्यात पडायचा आणि दुष्काळात तोच गावाला जगवायचा. साळू नावाची बाई ते आतून शेणामातीनं लिंपायची. किल्ली-कारभार मात्र मल्हारजी कारभाऱ्याचा.

गावाचा एक रिवाज होता. गावकीच्या धान्याची चोरी जो उघड करील, त्याला सापडलेल्या धान्यातला पाचवा वाटा. पण तो कधी कुणी घेतला नव्हता. सांगणाऱ्याला पुढंही त्याच गावात राहायचं असतं ना!

एका दुष्काळी वर्षी साळू पेवाची भिंत सारवायला उतरली. तिचा हात जोंधळ्यात रुतला आणि भुसाला लागला. वर चार बोटं जोंधळा, खाली नुसतं भूस. तिनं ते चावडीवर जाऊन सांगितलं. पंच खूश झाले, आणि इथंच त्यांनी अक्कल गहाण ठेवली. शाबासकी म्हणून भर चावडीत, सगळ्यांदेखत तिची ओटी भरली. मल्हारजी समोरच बसला होता. तो हसून म्हणाला, "बाई, आता उद्या तूच उतर आन् भूस काढून दाव समद्यांना."

बंद पेव उघडलं की आधी आत दिवा सोडतात. विझला, तर आतली हवा विषारी. "दिवा सोडला व्हता म्या, जळतच वर आला," मल्हारजी म्हणाला. साळू दोर धरून उतरली. थोड्या वेळानं दोर सैल पडला. लोकांनी हाका मारल्या, पण ओ आली नाही. "आता जो उतरंल त्यो मरंल," म्हणत मल्हारजीनं पेवाच्या तोंडावर शिळा सरकवली आणि गाव मुकाट घरी गेलं. सांगायलाही लाज वाटते.

त्याच दिवशी मल्हारजीच्या बायकोनं घरातल्या कणगीतून मापभर जोंधळा काढला. कणगीच्या तळातून बाईचा आवाज आला, "लाभ." धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभच म्हणतात. तिनं दुसरं माप काढलं. "दोन."

ती रस्त्यावर धावत आली. "साळू बोलतीया! ह्यो जोंधळा आमचा न्हवं, गावाचा हाय. उपसा!"

गावानं कणगी उपसली. शेवटचं माप पेवात पडेपर्यंत तो आवाज मोजत होता, असं म्हणतात. शिळा हटवली तेव्हा पेवात ना साळू दिसली, ना तिच्या लुगड्याची चिंधी. मल्हारजी पुढं पुष्कळ जगला. पण त्याच्या तोंडून "लाभ"खेरीज शब्द फुटला नाही, असं म्हणतात.

आता पेव बुजलंय, गावात ग्रामपंचायत आलीय. तरी कुणी गावाचं काही लाटलं, की जुन्या शिळेवर मूठभर भूस दिसतं. मग चौकशी बसते. चोरी सापडली, की पाचवा वाटा शिळेवर ठेवून सगळे पाठ फिरवतात आणि घरी जातात. सकाळी तो तिथं नसतो. कुणी नेला, हे विचारायचं नाही.

चोर मात्र विचारतोच, "कुणी सांगितलं?"

तेव्हा दारादारातून एकच उत्तर येतं, "साळूनं!"

दारात जितकी माणसं असतात, त्याहून एक आवाज जास्त असतो, असं म्हणतात.