जोड लावायची राहिली

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, नदीला अजून नावही पडलं नव्हतं तेव्हा, तिच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोन्ही गावांत एकेक पाठशाळा होती आणि पाठशाळेला लागून एकेक तालीम. मुलं सकाळी आखाड्यात घाम गाळत आणि अंघोळ करून मग धडे घोकायला बसत.

नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर कुरण. गवत इतकं दाट, की बसलेली गाय दिसायची नाही, नुसती तिची घंटा ऐकू यायची. हे कुरण कुणाचं, यावरून पूर्वी डोकी फुटली होती. शेवटी राजाने तोडगा काढला. दरवर्षी जत्रेत दोन्ही पाठशाळांच्या पहिल्या नंबरच्या मल्लांनी कुस्ती करावी. जो जिंकेल त्याच्या गावची गुरं वर्षभर बेटावर चरतील. आणि एखादं गाव लागोपाठ तीन वर्षं जिंकलं, तर कुरण कायमचं त्याचं.

अलीकडचं गाव दोन वर्षं हरलं होतं.

या गावाच्या तालमीत एक म्हातारा वस्ताद होता. पाठशाळेत असताना त्याने पलीकडच्या प्रत्येक मल्लाला आस्मान दाखवलं होतं. आता त्याचे गुडघे उठता-बसता कुरकुरत. पण नजर पक्की होती. यंदा त्याच्या हाताखाली एक मुलगा तयार झाला होता. अंगाने उंच, स्वभावाने गरीब, आणि पट काढायला वाकला की समोरच्याचा पाय कधी गेला ते समोरच्यालाच कळायचं नाही.

"याला जत्रेपर्यंत रोज नवी जोड मिळाली, तर कुरण आपलं," वस्ताद म्हणाला.

जोड म्हणजे सरावाला समोर उभा राहणारा मल्ल. आणि इथेच या गावाची एक रीत आडवी आली. उद्या कुणाची जोड कुणाशी, हे वस्तादाने ठरवायचं नाही. ते जाणत्या मंडळींनी संध्याकाळी तालमीच्या ओट्यावर बसून ठरवायचं. वस्तादाने आपल्या लाडक्याला सोपी जोड देऊ नये, म्हणून कुणा पूर्वजाने घातलेला हा नियम. नियम चांगला होता. मंडळी मात्र बोलकी होती.

पहिल्याच संध्याकाळी पाटील सुपारी कातरत म्हणाले, "पोरगा बरा आहे. पण आपले वस्ताद याच्या वयाचे असते ना, तर याला मुळ्यासारखा उपटून ठेवला असता."

"काय सांगता पाटील!" गावचा सुतार म्हणाला. "वस्तादांच्या काळी आधी नमस्कार, मग कुस्ती. त्यांचा नमस्कार होईपर्यंत हा पोरगा छातीवर बसलेला असेल."

"वस्तादांच्या छातीवर? तिथवर चढायला शिडी लागली असती. आणि ती तू केलेली असती, तर मध्येच मोडली असती!"

सगळे हसले. वस्तादही हसला. खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्या झाल्या. मग त्याने घसा खाकरला. "उद्याची जोड?"

"लावू की," पाटील म्हणाले. "आधी हे तरी मिटू दे."

ते मिटलं नाही. अंधार पडला, मंडळी जेवायला घरी गेली, आणि जोड लावायची राहिली.

सकाळी मुलं आखाड्याच्या कडेला उभी राहिली. जोड लागलेली नाही म्हटल्यावर मातीत उतरायचं कुणी? वस्तादाने त्या मुलाकडून नुसते जोर-बैठका काढून घेतल्या.

दुसऱ्या संध्याकाळी वाद नव्या वळणावर गेला. कुस्ती तेव्हाच्या मातीत धरायची की आत्ताच्या? तेव्हाच्या म्हशींचं दूध दाट होतं, त्याचा हिशेब कसा करायचा? तिसऱ्या संध्याकाळी गावात दोन तट पडले. सुतारीण पाटलिणीला विहिरीवर दोर देईना. पाटलांच्या बाजूच्या कुणाची पेरणीची पाभर मोडली, तरी सुतार तिला हात लावीना.

"अहो, माझी नि त्याची कुस्ती कधी होणारच नाही!" वस्ताद कळवळून म्हणाला. "पलीकडचा मल्ल मात्र येणार आहे. त्याचं बोला!"

"वस्ताद, तुम्ही मध्ये बोलू नका," पाटील म्हणाले. "तुम्ही एका बाजूचे आहात."

"फक्त एवढं सांगा," सुताराने विचारलं, "तुम्ही ढाकेचा डाव उजवीकडून लावायचात की डावीकडून?"

वस्तादाने कपाळावर हात मारून घेतला. आणि मग, कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडून."

झालं! ती संध्याकाळ उजव्या-डाव्यात गेली.

दिवस असेच सरले. मुलाचं अंग मात्र जोर काढून काढून असं भरलं, की बाया घागर कमरेवर घेऊन बघत थांबत. एक दिवस तो वस्तादाला म्हणाला, "मला हल्ली स्वप्नात तुम्ही दिसता. तरणेबांड. मी तुमच्याशीच लढतो."

"कोण जिंकतं?" वस्तादाने विचारलं, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर चापट मारली.

जत्रा चार-पाच दिवसांवर आली, तेव्हा वस्तादाचा संयम सुटला. त्याने भर सकाळी लंगोट कसला, कुरकुरत्या गुडघ्यांनी आखाड्यात उतरला आणि ओरडला, "या! बघा तुमची कुस्ती, आणि मिटवा एकदाचं!"

सगळा गाव धावला. मुलगा वस्तादाच्या पाया पडला. वस्तादाने त्याच्या मानेवर हात टाकला, आणि ती मान चटका बसल्यासारखी आक्रसली. वस्तादाच्या तळहाताला ते कळलं. पुढच्या क्षणी मुलाने गोंधळून पट काढला आणि म्हातारा उताणा पडला.

सुताराच्या बाजूने पागोटी उडाली.

"हे धरायचं नाही!" पाटील गरजले. "हे आत्ताचे वस्ताद! आम्ही तेव्हाचे म्हणतोय!"

"तेव्हाचा मेला, पाटील!" वस्ताद मातीत पडल्या पडल्या ओरडला. "मीच त्याला पोचवून आलोय! आणि या पोराला माणसाचा हात लागला तर तो अंग चोरतोय. इतके दिवस कुणी शिवलेलंच नाही त्याला. जोड लावा, आत्ताच्या आत्ता!"

सुतार मान हलवत म्हणाला, "वस्ताद म्हणतात ते खरंच आहे." मग त्याला राहवेना. "पण पाटील, ते डावीकडे पडले, बघितलंत ना?"

आणि पुन्हा तेच सुरू झालं.

वस्ताद उठून बसला. कडेला पंधरा-वीस धडधाकट मुलं उभी होती. 'तू ये' म्हणून त्याने बोट उचललं असतं, तर कुणी त्याचा हात धरला नसता. पण रीत ती रीत. त्याने दाढीतली माती झटकली आणि तो घरी गेला.

जत्रेत पलीकडचा मल्ल आला. बुटका, काळासावळा, दिसायला काहीच नाही. पण त्याच्या गावात त्याला रोज कुणी ना कुणी भिडलं होतं: जाडा, किडकिडीत, डावखुरा, एक तर नुसता गुदगुल्या करणारा. सलामी झाली. बुटक्याने मानेवर हात टाकला. आपला मुलगा आक्रसला. तेवढंच पुरलं. हलगी अजून तापली नव्हती, तोवर त्याची पाठ मातीला लागली.

कुरण कायमचं गेलं.

त्या दिवसापासून अलीकडच्या गावाला गुरं डोंगर ओलांडून न्यावी लागू लागली. पहाटे निघायचं, दिवेलागणीला परतायचं. राखायला घरटी एक माणूस. पाटील आले, सुतार आला, आणि एका गाईमागे वस्तादही आला.

चढावर सुतार धापा टाकत थांबला. "वस्ताद, एक विचारू? तुम्ही तरणे असता, तर त्या बुटक्याला..."

पाटलांनीही कान टवकारले.

उत्तर वस्तादाच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"सुतार," तो म्हणाला, "तुमची कालवड दरीकडे निघाली आहे."

बोध: जो येणारच नाही त्याच्याशी झुंजत बसलं, की जो येतो तो सहज पाडून जातो.