घाण्याच्या बैलाचा पियानो

जनावरं हौसेनं वाद्यं वाजवत, त्या काळातली ही गोष्ट. कवड्या बैलानं चौदा वर्षं तेलाचा घाणा ओढला, गोल गोल फिरत. म्हातारपणी सुटका झाली, तसा तो थेट साळुंकीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. गावातला एकुलता एक पियानो त्यांच्याकडे होता.

"बाई, मला शिकवा! पोळ्याला सगळ्यांसमोर वाजवायचंय मला!"

वासरं खो खो हसली. "आजोबा, तुमचा एक खूर दोन पट्ट्यांवर पडतो!"

पडत होताच. पण ते दोन सूर एकदम घुमले आणि कवड्याच्या अंगावर शहारा आला.

अडचण वेगळीच होती. सूर चुकला की कवड्या जागीच थांबायचा, मान खाली घालून डोळे मिटून घ्यायचा. गाणं तिथंच अडायचं. रोज हेच.

"कवड्याभाऊ, असे का थांबता हो?"

"चाबकाची वाट बघतोय, बाई. पाऊल चुकलं की बसतोच."

साळुंकीबाई त्याच्या शिंगावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "इथं कुणाच्या हातात चाबूक नाही. चुकलात तर पुढचा सूर वाजवा."

पोळ्याला शिंगं रंगवून कवड्या पियानोसमोर उभा राहिला. तो तीनदा चुकला. तिन्ही वेळा मान खाली गेली, पण खूर थांबले नाहीत! शेवटचा सूर घुमला आणि वासरं शेपट्या उंचावून उधळली.

कवड्यानं आनंदानं मान वर केली. "बाई, गाणं संपलं! जन्मभर चाललो, पण कुठंतरी पोहोचलो तो आजच!"