बर्फ करणं सगळ्यांनाच येतं

"या गावात समाज उरलेला नाही. मग समाजाच्या पैशावर रिंक कशाला?" असं म्हणून काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या, प्रमुखांनी एका वाक्यात रिंक बंद केली.

प्रमुख म्हणजे ओरेस्ट कोवालिक साहेब. गाव हॅरोडेल, कॅनडाच्या गव्हाच्या सपाट मुलखातलं. धान्याचं एक उंच कोठार, एक चर्च, एक पोस्ट, एक कॅफे, आणि कॅफेसमोर ही उघड्यावरची, बर्फावर घसरत खेळायची रिंक. रिंकऐवजी काउंटीच्या मुख्य गावी भव्य क्रीडासंकुल उभं राहणार होतं. शाळा सुटली की उणे तीस अंशांत, निसरड्या रस्त्यावरून तासभर गाडी हाकायची, की मुलं खेळायला मोकळी. मुलांची फारच कळकळ असल्याशिवाय अशी योजना सुचत नाही.

हे सगळं ठरलं त्या सभेला गावातून एकच जण आलं होतं: वैजू खटावकर. तिचे वडील रिंकची देखभाल करत आणि बापलेक रिंकमागच्या दोन खोल्यांत राहत. रिंक गेली की काम गेलं, खोल्या गेल्या आणि गावही सुटलं.

"साहेब, समाज आहे. तो फक्त सभेला येत नाही," वैजू म्हणाली.

"मग कुठे येतो?"

"रिंकवर."

"असं? मग शनिवारी आणून दाखव. सगळं गाव रिंकवर. पण बोलावणं नाही, फोन नाही, खायला-प्यायला काही नाही. डोनट वाटून जमवलेली गर्दी मी धरत नसतो."

दर निवडणुकीला साहेब डोनट वाटत, त्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता.

"सगळं गाव म्हणजे तुम्हीसुद्धा? तुम्ही इथलेच ना?"

"जन्म इथला, घर इथलं. मलाही धर. आणि मी कॅफेतून हलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो." स्वतःच्या हुशारीवर साहेब बराच वेळ खूश होते.

घरी वडिलांनी कपाळाला हात लावला. "अगं, कसली पैज घेऊन आलीस? एवढ्या थंडीत फुकट कोण येतं?"

"बाबा, शनिवारी तुम्ही बाहेर बघायचं नाही."

"का?"

"तुम्हाला बघवणार नाही."

शनिवारी सकाळी कॅफेच्या खिडकीशी नेहमीची मंडळी कॉफी घेऊन बसली होती. मध्यभागी कोवालिक साहेब. समोर रिंकवर वैजू आली. रिंकवर पाणी सोडून नवा थर गोठवायचा, म्हणून तिने पाइप ओढत आणला आणि वर पडलेला भुसभुशीत बर्फ न झाडताच, थेट फाटकाजवळून, थंड पाण्याचा लोंढा सोडला.

एल्मर फ्रीसेन नावाचा म्हातारा शेतकरी कप तोंडाशी नेता नेता उठून उभा राहिला. "झाडलं नाही तिने."

"फाटकापासून सुरुवात केली," शेजारचा म्हणाला. "आता बाहेर कशी येणार?"

"शिकेल हळूहळू," साहेब म्हणाले. "बसा."

एल्मर बसला. क्षणभरच. मग टोपीही न घालता बाहेर पडला. "पोरी, थांब! आधी झाडून घ्यावं लागतं."

"काय फरक पडतो, मिस्टर फ्रीसेन? बर्फावर बर्फच ना?"

एल्मर इतका दुखावला, की स्वतःच बुटाने बर्फ बाजूला सारू लागला. तेवढ्यात पोस्टाला कुलूप घालून इंगाबाई धावत आल्या. "गरम पाणी घाल, गरम! खालचा थर धरायला नको?"

"गरम कशाला? कोमट," एल्मर म्हणाला.

"तुमच्या कोमटामुळेच त्या वर्षी बर्फाला फोड आले होते."

चर्चमधून पाद्री आले. ते देवाच्या बाजूचे असूनही थंड पाण्याच्या बाजूचे निघाले. शेतांवरून गावात आलेल्या गाड्या एकेक करून थांबल्या. एवढ्या थंडीत माणसं उभी दिसली तर अपघात असतो किंवा भांडण, आणि दोन्ही चुकवण्यासारखं नसतं. बायका आल्या, मुलं आली. वैजूचे वडील तर पायजम्यावरच कोट चढवून आले. "अगं, हे काय केलंस!" कॅफेवाला दार अर्धवट उघडं टाकून, हातात किटली घेऊनच वादात उतरला.

खिडकीशी साहेब एकटेच उरले. कप रिकामा, आणि भरायला कोणी नाही.

वैजूने आवाज चढवला. "पूर्वी इथला बर्फ कोण करायचं, मिस्टर फ्रीसेन?"

"कोवालिक. या साहेबांचा बाप. माणूस चांगला, पण बर्फाला तडेच तडे."

कॅफेचं दार धाडकन उघडलं.

"तडे? माझ्या बापाच्या बर्फाला?" साहेब तरातरा आले, वैजूच्या हातून त्यांनी पाइप हिसकावला, दोघांना झाडायला लावलं आणि कुणाला तरी कॅफेच्या गरम पाण्याच्या नळाकडे पिटाळलं. मग पार पलीकडच्या टोकाला जाऊन, पातळ थर सोडत, ते एकेक पाऊल मागे येऊ लागले. अख्खं गाव बघत होतं.

"हे असं," फाटकाशी पोचून साहेब धापा टाकत म्हणाले. "कळलं?"

"कळलं, साहेब. आता एवढंच सांगा, घरी कोण राहिलंय?"

साहेबांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग हातातल्या पाइपकडे पाहिलं.

"ही लबाडी आहे. तू मुद्दाम काम चुकीचं केलंस."

"सभेत तुम्हीही केलंत, साहेब. फरक इतकाच, की तिथे सुधारायला कोणी धावत आलं नाही."

साहेबांच्या मिशीवर गोठलेला बर्फ आधी थरथरला, आणि मग ते असे खदाखदा हसले की पाइपाचं पाणी एल्मरच्या बुटांवर गेलं.

"राहील तुमची रिंक! तुझ्या बाबांचं कामही राहील. आणि गरम पाण्याची टाकी मी काउंटीकडून बसवून देतो."

"गरम की कोमट?" एल्मरने विचारलं.

अंधार पडेपर्यंत कोणीही घरी गेलं नाही.