हरिणी आणि राजाचा झरा

एका जंगलात एक हरिणी राहत असे, आणि त्याच जंगलात एक सिंहही राहत असे. मुलांनो, गोष्टीत राजाचे नाव नेहमी आधी येते हे मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट हरिणीची आहे, म्हणून राजाला जरा मागे उभे केले आहे. हरिणीला एकच पाडस होते. त्याचे कान अंगाच्या मानाने मोठे होते आणि त्याचे प्रश्न कानांहून मोठे.

त्या उन्हाळ्यात जंगलात घशाची साथ आली. आधी तोंडाला लाळ सुटायची, मग घसा सुजायचा, मग चारा गिळता येईनासा व्हायचा आणि शेवटी पाणीसुद्धा. ओढे सगळे आटले होते. उरला होता एक डोह, आणि आजारी काय, धडधाकट काय, सगळे त्याच डोहाला तोंड लावत. सिंहाचे तसे नव्हते. त्याच्या गुहेमागे खडकातून एक झरा वाहत असे. राजाने हाक मारून बोलावल्याशिवाय त्या पाण्याला कोणी तोंड लावायचे नाही, असा रिवाज होता. राजाने तशी हाक मारल्याचे कोणाच्या पणजोबांनाही आठवत नव्हते, पण रिवाज मात्र सगळ्यांना पाठ होता.

सिंह काही दुष्ट नव्हता. साथ आल्यापासून त्याने डोहाकाठची शिकार बंद केली होती. रोज संध्याकाळी तो राणीला घेऊन उंच खडकावर येई आणि प्रजेला धीर यावा म्हणून एक दांडगी डरकाळी फोडी. नेमका याच दोन गोष्टींवरून जंगलात वाद पेटला. डोहाकाठी मोहाच्या झाडाखाली सभा भरली, आणि एकदा भरली ती उठायचे नावच घेईना. निर्णय घाईने होऊ नये म्हणून कासवाला सभापती केले होते.

कोल्हा म्हणाला, "महाराज आहेत म्हणून जंगल आहे. त्यांची डरकाळी ऐकली की अंथरुणाला खिळलेला रेडासुद्धा मान वर करतो. धीर हेही औषधच असतं."

वानर फांदीवरून म्हणाला, "डरकाळीनं कोणाची सूज उतरली ते सांगा. आणि शिकार बंद केली ती काय दयेनं? आजारी मांस खायची भीती वाटली म्हणून. असला राजा ठेवायचा कशाला?"

दोघांचेही थोडे थोडे खरे होते, आणि असे असले की वादाला अंत नसतो. त्यात कावळ्याने एक नवा उद्योग काढला. रोज सकाळी झाडोझाडी फिरून तो विचारी, "राजा आवडतो की नाही?" आणि मग जंगलभर ओरडत सुटे, "आज महाराज वर चढले," नाहीतर, "आज महाराज खाली घसरले." जे रातोरात मेले त्यांचे मत कोणत्या बाजूला धरायचे, यावरही सभेचा बराच वेळ गेला. ज्यांनी एकमेकांपासून लांब राहायचे ते खांद्याला खांदा लावून खोकत बसले होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

हरिणीला या वादात रस नव्हता. तिला राजा आवडतही नव्हता आणि नावडतही नव्हता. तिला तो ठाऊक होता, जसा उन्हाळा ठाऊक असतो. पाडसाला मात्र डरकाळीचे भारी कौतुक. संध्याकाळ झाली की ते कान टवकारून खडकाकडे बघत बसे. एके दिवशी त्याच्या तोंडाला लाळ सुटली. त्या संध्याकाळी डरकाळी ऐकल्यावर ते म्हणाले, "आई, महाराज एवढ्या मोठ्यानं ओरडतात, मग त्यांचा घसा कसा दुखत नाही?"

दुसऱ्या दिवशी हरिणीने तोच प्रश्न म्हाताऱ्या हत्तिणीला विचारला. हत्तिणीने बऱ्याच साथी पाहिल्या होत्या.

"दुखेल कसा?" हत्तीण म्हणाली. "तो कुठं डोहाचं पाणी पितो? सगळ्यांची लाळ त्या डोहात उतरलीय, पोरी. लेकराला वाहतं पाणी पाज. अजून गिळतंय तोवर पाज. गिळायचं थांबलं की मग अमृत आणलंस तरी उपयोग नाही."

"वाहतं पाणी एकच आहे, आजी."

"ते मलाही ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

हरिणी धावत सभेत गेली. कधी चार जणांत बोललेली नव्हती बिचारी. ती म्हणाली, "माझं बाळ आजारी आहे. राजाच्या झऱ्याचं पाणी आजाऱ्यांना मिळावं, एवढी सभेनं महाराजांना विनंती करावी."

कोल्हा उठून म्हणाला, "ऐकलंत? संकटात प्रजेला शेवटी राजाच आठवतो. राजा कशाला हवा, याचं उत्तर या माउलीनं दिलं."

वानराने लगेच फांदी हलवली. "उत्तर दिलं खरं, पण आमच्या बाजूचं. लेकरं डोहाचा गाळ पितात आणि झरा एकट्याचा. या ताईंच्या डोळ्यांतलं पाणी बघा."

सगळ्यांनी हरिणीच्या डोळ्यांतले पाणी बघितले. झऱ्याच्या पाण्याचे काय, हे तिने पुन्हा विचारले, तेव्हा कासवाने हळूच मान बाहेर काढली. "ताई, सभेपुढचा विषय राजा हवा की नको, हा आहे. झऱ्याचा विषय त्यानंतर घेता येईल. विषयाला धरून बोला."

मग ती स्वतःच राजाकडे गेली. आपल्याला खाणाऱ्याच्या दारात आपल्या पायांनी जायचे म्हणजे काय, याचा विचार करा. आई होती म्हणून गेली. सिंहाने तिचे सगळे ऐकून घेतले. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख दिसले, आणि ते खोटे नव्हते असे मला वाटते.

"मी काही दगड नाही," सिंह म्हणाला. "पाणी द्यायला माझा जीव तुटतोय. पण आज दिलं तर वानर म्हणेल, राज्य टिकवण्यासाठी पाणी वाटतो. तुला एकटीला दिलं तर कोल्हासुद्धा रुसेल. सकाळीच कावळा ओरडून गेला, मी खाली घसरलोय. अशा वेळी काहीही केलं तरी वाकडंच दिसतं. सभेचा निकाल लागू दे. मी राजा राहिलो तर राजा म्हणून देईन, आणि नाही राहिलो तर झरा तुमचाच आहे. दोन्हीकडून तुझं भलंच होणार."

हरिणीला हे पटले. मला तिचा राग येतो तो इथेच, आणि कीवही इथेच येते. तिने मान लववली. राजाला पाठ दाखवायची नाही असा रिवाज, म्हणून ती उलट्या पावलांनी मागे सरकत निघाली. सरकता सरकता तिचा मागचा खूर एका ओल्या, गार जागेत पडला. झऱ्याचे पाणी वाहून तिथवर आले होते. हरिणी दचकली. राजाचे पाणी चोरले असे कोणी म्हणू नये म्हणून तिने तो खूर गवतावर नीट पुसला, आणि कोरड्या पायांनी घरी परतली.

पाडस वाट बघत होते. "मिळालं?" त्याने विचारले. आवाज घोगरा झाला होता.

"निकाल लागला की मिळणार आहे," हरिणी म्हणाली. "महाराज स्वतः म्हणाले."

"मग मिळेल," पाडस म्हणाले. राजा बोलला म्हणजे झालेच, असे त्याला वाटे.

सभा चालू राहिली. कधी कोल्ह्याची सरशी, कधी वानराची. एका सकाळी पाडसाने जिभेने ओठ चाटायचा प्रयत्न केला आणि ते त्याला जमले नाही. दुपारी त्याने गिळायचे सोडून दिले. संध्याकाळी डरकाळी झाली तेव्हा त्याचा एक कान तेवढा हलला. मग तोही हलला नाही. हरिणी त्याला चाटत राहिली. सांगण्यासारखे आणखी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सिंह स्वतः खडक उतरून आला. राजा असा खाली येत नसे, म्हणून बघायला सगळे जंगल लोटले. पाडस जिथे पडले होते तिथे तो मान खाली घालून उभा राहिला, आणि राणीने डोळे पुसले. कोल्हा म्हणाला, "असा राजा शोधून सापडणार नाही." वानराने तिथेच दुसऱ्या बाजूला पाडसाच्या नावाने भाषण केले, आणि त्यालाही चांगली गर्दी झाली. कावळ्याने फेरी मारली आणि तो ओरडला, "महाराज वर चढले. आजवर कधी एवढे चढले नव्हते." हरिणीचे मत त्याने विचारले नाही, ती शोकात होती ना.

सगळे तिथे जमले होते तेव्हा हरिणी एकटीच चालत राजाच्या गुहेमागे गेली. ती कशासाठी गेली हे तिलाही सांगता आले नसते. झऱ्याशी कोणी नव्हते. पहारा नव्हता, कुंपण नव्हते. खडकातून पाणी येत होते, थोडेसे खळग्यात साठत होते आणि बाकीचे सगळे खालच्या वाळूत जिरून जात होते. पूर्वीही तिथे राजाखेरीज कधी कोणी नसावे, कारण दुसरी पायवाटच पडलेली नव्हती. तिने पाण्याला तोंड लावले. आभाळ कोसळले नाही, डरकाळी आली नाही. साधे पाणी होते, गार. ती प्यायली, आणि मग त्या पाण्यात तोंड तसेच ठेवून रडली.

पण हरिणी तिथे बसून राहिली नाही. तिला सभेत मागच्या रांगेत बसणारी एक सशीण आठवली. तिच्या पिल्लांच्या तोंडाला कालपासून लाळ सुटली होती. तोवर मोहाखाली सभा पुन्हा भरली होती, हरिणी तिथे गेली. या वेळी ती थेट मधोमध उभी राहिली.

"झऱ्यावर कोणी नाही," ती म्हणाली. "मी पिऊन आले. ज्यांची लेकरं अजून गिळताहेत त्यांनी उठा आणि चला. वाट मी दाखवते."

सशीण अर्धी उठली. तिने कोल्ह्याकडे पाहिले, वानराकडे पाहिले. कोल्हा म्हणाला, "राजाचं पाणी न विचारता? हा राजद्रोह आहे." वानर म्हणाला, "आत्ताच पाणी मिळालं तर आपला मुद्दाच बुडेल. थोडा धीर धरा." जन्मात पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले होते. सशीण खाली बसली.

कासवाने मान बाहेर काढली. "ताई, तुमचं दुःख आम्ही समजतो," ते म्हणाले. "पण विषयाला धरून बोला."

तात्पर्य : राजा हवा की नको, हा वाद ओल्या घशाचा; ज्याच्या लेकराचा घसा कोरडा पडला आहे त्याने निकालाची वाट पाहू नये.